साडूच्या कॅप्सूल

चष्मेवाल्याचा साडू त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा होता आणि दिसायला दहा वर्षांनी लहान. यात साडूचा काही गुन्हा नव्हता, पण हे चष्मेवाल्याला कुणी पटवून द्यायचं? मनातल्या मनात तो त्याला ‘हिरो’ म्हणायचा. डोक्यावर दाट केस, सपाट पोट, जिना चढताना कठड्याला हात नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीने हा माणूस पसंत केला तेव्हाच आपल्या पोटदुखीची सोय करून ठेवली, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं.

त्यात धंदा असा, की दुकानात जिकडे बघावं तिकडे आरसे. गिऱ्हाईक फ्रेम लावून स्वतःला न्याहाळू लागलं की त्याच्या खांद्यामागे याचा चेहरा दिसायचा. हृदयाची झडप बदलल्यापासून ओढलेला, गळ्याशी सैल पडलेला. त्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली होती. तिचा जोर कमी पडला तर रक्ताची गुठळी व्हायची भीती आणि जास्त झाला तर रक्तस्रावाची. बायको ती गोळी आणि बाकीच्या सगळ्या त्याच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. पालेभाजी कमीजास्त झाली तरी त्या गोळीचा हिशेब बिघडतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून भाजीसुद्धा ती एकाच वाटीने मोजून वाढायची.

ठिणगी पडली ती मेहुणीच्या घरी जेवताना. हिरोने एक बाटली टेबलावर ठेवली आणि व्याख्यान सुरू केलं. माणसाचं शरीर म्हणे आतून गंजतं, लोखंडासारखं, आणि ही व्हिटॅमिन ईची कॅप्सूल त्याच्यावर गंज चढू देत नाही. अँटिऑक्सिडंट असा शब्द त्याने इतक्या झोकात उच्चारला, की तो शब्द त्याच्याच घरी तयार होतो असं वाटावं. ऐकता ऐकता चष्मेवाल्याची बायको सहज म्हणाली, “खरंच, भाऊजींकडे बघून वय कळत नाही.”

हिरोने खूश होऊन बाटली चष्मेवाल्यापुढे सरकवली. तर बायकोनेच मध्ये हात घातला. यांना नको, यांच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांना काही द्यायचं नाही. सगळ्यांनी “अरे हो” म्हणत त्याच्याकडे पाहिलं, आजारी पोरापुढचं आइस्क्रीम उचलताना पाहतात तसं. हिरोला कौतुक आणि आपल्याला पथ्य! चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने औषधाच्या दुकानात जाऊन तीच बाटली घेतली. तीच म्हणजे तीच नव्हे. हिरोच्या दुप्पट ताकदीची. आपण सहा वर्षांनी लहान आहोत, उशिरा सुरुवात केली तरी त्याला मागे टाकू, असा त्याचा हिशेब. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लोकांना बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून ज्याने उभा जन्म घालवला, त्या माणसाने ती ओळ वाचली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

कॅप्सूल त्याने चष्म्याच्या एका रिकाम्या केसमध्ये दडवल्या. दुकानात तशा केस ढिगाने पडलेल्या, कुणाला पत्ता लागणार? दुपारी गिऱ्हाईक नसताना तो एक गिळायचा आणि आरशात बघायचा. काही दिवसांनी एक बाई चष्मा घेताना म्हणाल्या, हल्ली तुमच्या चेहऱ्यावर रंग आलाय. झालं, दुसऱ्या दिवसापासून एकाच्या दोन झाल्या.

खरं तर रंग दुसरीकडेच दिसत होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, तर त्याने ब्रश बदलला. ड्रॉवरचा कोपरा दंडाला जेमतेम लागला आणि तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग पडला, तर तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला. मग नेहमीच्या तपासणीत रक्त गोठायला फार वेळ लागतोय असं निघालं. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि बायकोकडे वळून विचारलं, की पालेभाजी वाढायची बंद केलीत का. तिने वाटीची हकीकत सांगितली. डॉक्टर म्हणाले, “मग कुठेतरी चुकतंय तुमचं.”

त्या दिवसापासून बायको भाजी तराजूवर तोलू लागली. वजन करायची, पुन्हा करायची, ताट त्याच्यापुढे ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. सांगून टाकावं असं चष्मेवाल्याला रोज वाटायचं, आणि रोज डोळ्यांपुढे तो हिरो उभा राहायचा, कपाळावरचे केस मागे सारत. पुढच्या महिन्यात मेहुणीकडे पुन्हा सगळे जमणार होते. तेवढं होऊ दे, बायकोला एकदा आपल्याकडे बघून ‘वय कळत नाही’ म्हणू दे, मग बाटली गेली खड्ड्यात, असं तो स्वतःला बजावायचा. मत्सराने माणूस आंधळा होतो हे ठीक, पण चष्मेवाल्याने व्हावं म्हणजे कमालच.

त्यातच दाढ दुखू लागली. काढण्यावाचून इलाज नव्हता. आणि दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन कोण यावं? हिरो. ‘दुष्काळात तेरावा महिना’ असं पुटपुटत चष्मेवाला मागच्या सीटवर बसला.

दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, नवा रिपोर्ट पाहिला. गोळी कमी केल्यावर रक्त गोठण्याचा आकडा दाढ काढता येण्याइतपत खाली आला होता, पण अजून नेहमीइतका नाही. मग तिने विचारलं, नेहमीच्या औषधांशिवाय काही घेता का? व्हिटॅमिन, टॉनिक, काढा, ताकदीची पावडर? लोक त्याला औषध समजत नाहीत आणि सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम विचारते.

“काही नाही,” बायको म्हणाली. “यांच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट मी माझ्या हाताने देते.”

हे बोलताना तिची मान ताठ होती. बाहेरून हिरोचं हसू ऐकू येत होतं. तिथे नावं लिहून घेणाऱ्या मुलीला त्याने एव्हाना आपलंसं केलं असणार. आता बोललो तर ही गोष्ट दारापलीकडे जाणार, चष्मेवाल्याच्या मनात आलं, आणि हिरो उशाशी येऊन म्हणणार, की शेवटी माझीच कॅप्सूल घेतलीस ना? मरण परवडलं. मग डॉक्टर मुलीने इंजेक्शन भरलं, आणि मरण हा शब्द त्याला अचानक बराच खरा वाटू लागला.

“थांबा,” तो म्हणाला. “मी व्हिटॅमिन ई घेतो. दिवसाला दोन.”

मुलीने इंजेक्शन खाली ठेवलं. केव्हापासून, किती ताकदीची, सगळं विचारून घेतलं. त्याने नाव आणि आकडा घडाघडा सांगितला. ती म्हणाली, नुसती गोळी कमी करून भागायचं नाही. दोन्ही मिळून रक्त आणखी पातळ होतं, दाढ काढली असती तर रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ आले असते. आधी हॉस्पिटलात जाऊन तपासून या. बायकोने दार उघडलं आणि हिरोला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

हिरो हसला नाही. त्याचा चेहरा पडला. “चूक माझी आहे,” तो म्हणाला. “मीच बाटली पुढे केली होती.” आणि त्याने चष्मेवाल्याला हाताला धरून गाडीपर्यंत नेलं. इथेही चांगुलपणाचा सगळा भाव हाच खाऊन गेला, या विचाराने चष्मेवाल्याच्या दुखऱ्या दाढेखाली आणखी एक कळ उठली.

हॉस्पिटलातल्या बाकावर बायकोने त्याला विचारलं, “कशासाठी घेतल्यात?”

“तू म्हणालीस ना, भाऊजींकडे बघून वय कळत नाही.”

“कधी?”

तिला खरोखरच आठवत नव्हतं. ज्या वाक्यापायी त्याने एवढे दिवस स्वतःची आणि तिची झोप उडवली, ते बोलणारीच विसरून गेली होती.

“त्यांच्याकडे बघायला मला वेळ कुठे आहे?” ती म्हणाली. “तुमचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री उठून तुमचा श्वास चाललाय का ते बघते मी. डॉक्टरांनी मला ‘तुमचं चुकतंय’ म्हटलं, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात.”

इतक्यात नर्स पुढ्यात आली. हिरोही गाडी लावून आला आणि बाजूला उभा राहिला. नर्सने सवयीने बायकोलाच विचारलं, कोणकोणती औषधं चालू आहेत?

“मला माहीत नाही,” बायको म्हणाली. “त्यांनाच विचारा.”

नर्स त्याच्याकडे वळली. चष्मेवाल्याने तोंड उघडलं. सकाळची पांढरी, तो म्हणाला, मग एक गुलाबी, रात्रीची अर्धी. नावं सांगा, नर्स म्हणाली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. त्याला नाव येत होतं ते एकाच गोष्टीचं, कॅप्सूलचं.