ड्रीनाच्या हातची काडतुसं

माझ्या मेव्हण्याचा खांदा एका बैलाने मोडला, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या खांद्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. लस टोचताना बैलाने धडक दिली, लोखंडी फाटक फ्लोरिसच्या अंगावर आलं, विंडहुक शहरातल्या डॉक्टरांनी आत पट्टी आणि स्क्रू बसवले. घरी परतल्यावर मात्र हा गडी असा वावरायला लागला, की ऑपरेशन जणू बैलाचंच झालं होतं. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, काही झालेलं नाही.

मी बर्टस, फ्लोरिसच्या बायकोचा, ड्रीनाचा, धाकटा भाऊ. आसपासच्या शेतांवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करतो, बहिणीकडे राहतो, तिच्या हातचं जेवतो, आणि म्हणून तिच्यापुढे फारसं तोंड उघडत नाही.

काय झालं होतं ते थंडीच्या सुरुवातीला, म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये, कळलं. फ्लोरिसची धाकटी मुलगी एलरी, तिचं लग्न ऑगस्टमध्ये ठरलं होतं. फ्लोरिसच्या बाडेनहोर्स्ट घराण्यात लग्नाचं मांस वधूचा बाप स्वतः मारून आणतो, तेही एका गोळीत. ज्याने मारलं तोच पंगतीत उभा राहून भाजलेल्या मांडीवर पहिली सुरी चालवतो, पहिला काप मुलीच्या ताटात ठेवतो आणि चार शब्द बोलतो. बापाची गोळी चुकली तर हा मान व्याह्याकडे जातो. थोरलीच्या लग्नात फ्लोरिस इतका बोलला होता की रस्सा थंड होऊन त्यावर साय धरली. तरी तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा, असं तो अजून सांगतो.

तर एका सकाळी त्याने सरावासाठी बंदूक काढली. त्याच्या बापाची नऊ-तीन, म्हणजे ९.३ मिलिमीटर नळीची. आमच्याकडे शिकारीच्या बंदुकींवरून माणसं चर्चच्या भांडणापेक्षा जास्त भांडतात, पण नऊ-तीनचं नाव निघालं की आवाज खाली येतात. ना बारीक, ना हत्तीसाठीची. मधली, जाड आणि जड गोळीची. काटेरी झुडपातूनही सरळ जाते आणि कुडू असो की गेम्सबॉक, असली मोठी हरणं जागेवर बसवते. बदल्यात खांद्याला लाथ मारते. फ्लोरिसने टेबलावर कोपर टेकवलं, चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले, आणि नेमासाठी टांगलेल्या लोखंडी ताटलीच्या ऐवजी गुरांच्या हौदाचा नळ फुटला. बंदुकीवरची दुर्बीण हलली असेल, असं तो म्हणाला. दुसऱ्या गोळीने हौदच गेला. हौदाची भोकं दिवसभर मी बुजवत बसलो, तेव्हा दुर्बीण किती हलली होती ते मला पक्कं माहीत होतं.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. व्याही फोल्कमार, ओत्जीवारोंगो गावचे जर्मन, सभ्य आणि नीटनेटके. त्यांची बंदूक नव्या पद्धतीची, बारीक वेगवान गोळीची, वर हाताएवढी दुर्बीण. त्यांनी फोनवर अगदी प्रेमाने सांगितलं की खांद्याला त्रास देऊ नका, मी आहे ना. फ्लोरिसने आभार मानले, फोन ठेवला आणि अंगणात जाऊन कुत्र्याला शिव्या दिल्या.

आमच्या घरात काडतुसं ड्रीना भरते. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच, कारण फ्लोरिसच्या जाड बोटांतून निम्मी दारू सांडते. स्वयंपाकघरातल्या टेबलाला एका टोकाला सॉसेजचं यंत्र बसवलंय, दुसऱ्या टोकाला काडतुसांचं. नळ फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉफी प्यायला आत गेलो तर ती काट्यावर दारू मोजत होती, आणि दर वेळी चिमूटभर परत डब्यात टाकत होती.

मी बघत राहिलो. ती म्हणाली, "एक शब्द बोललास तर आजपासून स्वतःचं स्वतः शिजवून खा."

मी म्हणालो की दारू कमी म्हणजे गोळी खाली पडणार. ती म्हणाली, तो दुर्बीण त्याप्रमाणे लावून घेईल. हलली आहे असं तोच म्हणतोय ना. मी बिस्किट बुडवून खाल्लं.

झालंही तसंच. फ्लोरिसने नवी काडतुसं घातली, पहिली गोळी ताटलीच्या खालच्या कडेला लागली, त्याने दुर्बिणीचा स्क्रू थोडा फिरवला, आणि पुढची प्रत्येक गोळी ताटलीच्या मध्यावर. खांदा बरा झाला, असं त्याने घरभर सांगितलं. ड्रीनाने कौतुक केलं, वर थोडे डोळेही पुसले. माझी बहीण नाटकात गेली असती तर नाव काढलं असतं.

लग्नाच्या आधीच्या बुधवारी पहाटे निघालो. फोल्कमार पाहुणे म्हणून बरोबर, बंदूक मांडीवर आणि कातडी म्यानात सुरी, मुद्दाम धार लावून आणलेली. ती कशासाठी, हे विचारायची कुणालाच गरज नव्हती. गाडीच्या मागे मी आणि माग काढणारा एलिफास. एलिफास आणि फ्लोरिस लहानपणी एकत्र शेळ्या राखायचे. पाहुण्यांसमोर तो त्याला ऊम, म्हणजे काका, म्हणतो, एरवी फ्लोरिस, आणि राग आला तर आणखी बरंच काही.

नदीच्या कोरड्या पात्राजवळ गाडी थांबवली. ठरलं असं की फोल्कमारांनी गाडीपाशी थांबायचं. फ्लोरिसची गोळी चुकली तर पुढचं जनावर त्यांचं. ते म्हणाले की ते मनापासून प्रार्थना करतील, पण कशासाठी ते म्हणाले नाहीत. फ्लोरिसने बंदुकीत काडतुसं भरली, आणि मी पुन्हा वळून बघितलं. त्या काडतुसांचं पितळ काळवंडलेलं होतं. ड्रीनाची नवी काडतुसं चकचकीत असतात. ही त्याच्या बापाच्या वेळची, भरपूर दारूची, थोरलीच्या लग्नाचं मांस ज्यांनी आणलं त्यातली उरलेली.

आता बघा. दुर्बीण लावलेली हलक्या काडतुसांवर. भारी काडतूस उडालं की गोळी वर जाणार. आणि गेम्सबॉकच्या खांद्यावर जो उंचवटा असतो, तिथे वर लागली की जनावर धाडकन पडतं, आपण टोप्या उडवतो, आणि तेवढ्यात ते उठून निघून जातं. मग दिवसभर रक्त शोधत हिंडायचं, जखमी जनावर काट्यांत कुठे कण्हतंय ते ऐकत. शिवाय ती लाथ. आणि हे सांगायचं तर बहिणीचं बिंग फोडायचं.

चालत राहिलो. वारा तोंडावर होता, एलिफास पुढे. बराच वेळ माग काढल्यावर तो खाली बसला आणि हनुवटीने दाखवलं. मोठ्या बाभळीच्या सावलीत गेम्सबॉकचा एकटा नर उभा होता, आडवा, शेपटीने माश्या वारत. एलिफासने तिकाटी रोवली. फ्लोरिसने त्यावर बंदूक टेकवली, आणि मला राहवलं नाही.

"थोडं खाली धर," मी कुजबुजलो.

"का?"

"वारा आहे."

"वाऱ्याने गोळी वर जाते?"

एलिफास जनावरावरची नजर न काढता म्हणाला, "तो बरोबर सांगतोय. हे काडतूस ड्रीनाचं नाही, पितळ काळं आहे. तिच्या काडतुसांचा आवाज तर शेळीच्या खोकल्यासारखा येतो. सगळ्या शेताला माहीत आहे."

फ्लोरिसने आमच्याकडे बघितलं नाही. दुर्बिणीला डोळा लावून तसाच राहिला. त्याचं बोट चापावर गेलं, आणि मी बाजूने बघत होतो म्हणून मला दिसलं: त्याचा डोळा मिटला. त्याने बोट काढलं, डोळा उघडला, पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा मिटला. फोल्कमारांची ती सुरी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि खरं सांगतो, मला त्या हट्टी माणसाची इतकी कीव आली की मी मान फिरवली.

मग बंदुकीचा बोल्ट मागे ओढल्याचा आवाज आला. काळवंडलेलं काडतूस वाळूत पडलं. नराने मान वर केली. फ्लोरिसने छातीच्या खिशातून एक चकचकीत काडतूस काढलं, सरळ नळीत सरकवलं, बोल्ट हळूच बंद केला. नर आमच्याकडे रोखून बघत होता. आता गेला, आता गेला. आवाज झाला, खरंच शेळीच्या खोकल्यासारखा. जड गोळीने खांद्यामागे धप्प केलेलं आम्हाला नीट ऐकू आलं. नराने उसळी घेतली, थोडा धावला आणि पुढच्या पायांवर बसला, मग आडवा झाला.

एलिफास जनावराकडे गेला. फ्लोरिस वाळूत पडलेलं काडतूस शोधून फुंकर मारत उभा राहिला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"पहिल्या गोळीपासून. इतकी वर्षं मी तिच्या हातचं खातोय आणि तिच्या हातचं झाडतोय. लाथेत मीठ कमी पडलं तर मला कळणार नाही?"

"मग ही जुनी कशाला आणलीस?"

त्याने काडतूस खिशात टाकलं. "एकदा बापाच्या काडतुसाने मारायचं होतं. एलरीसाठी. पण डोळा मिटत होता, बर्टस. माझ्या हौसेपायी त्या जनावराने तीन पायांवर का पळावं?" मग माझ्या छातीवर बोट रोखून म्हणाला, "ड्रीनाला यातलं काही कळता कामा नये."

म्हणजे आता मी दोन्ही बाजूंनी तोंड शिवलेला. बायको नवऱ्यापासून लपवतेय, नवरा बायकोपासून, आणि मधल्यामध्ये मी, ज्याचा या लग्नाशी संबंध फक्त केक खाण्यापुरता. गाडीपाशी फोल्कमारांनी टोपी काढून फ्लोरिसचा हात हातात घेतला. अभिनंदन मनापासूनचं होतं. सुरी मात्र त्यांनी सीटखाली ढकलली.

लग्न छान झालं. एलरी सुंदर दिसत होती. तिचा नवरा दाताचा डॉक्टर आहे, तो सगळ्यांचे दात बघून हसत होता. कोठारात लांब टेबलं मांडली होती, बाहेर निखारे, आणि भाजलेली मांडी दोघांनी उचलून फ्लोरिससमोर ठेवली. तो उभा राहिला. लोकांनी आपापल्या ताटातला रस्सा आधीच संपवून घेतला, अनुभव होता म्हणून.

फ्लोरिसने सुरी हातात घेतली आणि बोलला नाही. मला वाटलं रडतोय. मग त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ड्रीनाकडे बघितलं.

"आमच्यात जो मारतो तो कापतो," तो म्हणाला. "गोळी मी उडवली. पण माझ्या मोडक्या खांद्याला झेपेल अशी ती भरली कुणी, आणि मला लाज वाटू नये म्हणून गप्प कोण राहिलं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. ड्रीना, ये, काप."

ड्रीनाचा चेहरा बीटासारखा झाला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, असं, की उद्यापासून माझं स्वतंत्र स्वयंपाकघर होणार हे मी समजलो. मी मान हलवून मी नाही, मी नाही म्हणत होतो. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, नवऱ्याच्या हातातून सुरी घेतली.

"माहीत होतं तर इतके दिवस खांदा बरा झाला म्हणून कुणाला सांगत होतास?" तिने विचारलं. हळू विचारलं, पण कोठार मोठं असलं तरी ऐकू सगळ्यांना गेलं.

"तुला," तो म्हणाला. "तू इतकी खूश होत होतीस."

ड्रीनाने पहिला काप कापला, जाड आणि वाकडा, कारण तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. तो तिने एलरीच्या ताटात ठेवला. दुसरा फ्लोरिसच्या. त्याला उजव्या हाताने काटा उचलायला त्रास होतोय हे तिने बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदाच, त्याचं मांस तिने बारीक तुकडे करून दिलं. त्यानेही करू दिलं.