ओव्हन लावला की मी पडतो

मी बोर्डातला स्विच बोलतोय. ओव्हन लावला की घरभर अंधार करतो ना, तोच. या घरात मला एकच नाव आहे, 'मेला', आणि तेही मी पडल्यावरच घेतात.

माझं काम सोपं आहे. जेवढी वीज घरात जाते, तेवढीच परत यायला हवी. जराशी जरी कमी आली, तर ती मधेच कुठेतरी गळतेय. भिंतीत, नळात, नाहीतर माणसाच्या अंगात. मी विचारत बसत नाही. मी पडतो, सगळं बंद होतं. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी शंभरदा पाडलं, पण एकदाही शिवी दिली नाही. मला वाटलं, सगळी माणसं अशीच असतील. पोटावर माझ्या एक छोटं बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबून मी जागा आहे ना, हे बघायचं असतं. अकरा वर्षांत या घरातल्या एकाही शहाण्याने ते दाबलेलं नाही. बोर्डावरची धूळ पुसतानाही सगळे त्याला वळसा घालून पुढे जातात.

मालकीणबाई घरी पाव भाजून शेजारच्या दवाखान्याच्या कॅन्टीनला देतात. बाई कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल मी फार वाकडं बोलणार नाही. खोड एकच. पावाला कुरकुरीत साल यावी म्हणून तापलेल्या ओव्हनच्या तळावर त्या पेलाभर पाणी फस्सकन ओततात. वर्षभर असं पाणी पिऊन तळाची कॉइल तडकली आणि वीज गळायला लागली. मी पडायला लागलो.

मग सुरू झाला शोध. मालकांनी आधी फ्रिजवर आळ घेतला. फ्रिज बंद केला, दूध नासलं, मी पडलोच. नंतर पाण्याची किटली गुन्हेगार ठरली. शेवटी मी. मालकांनी आगपेटीतली काडी खोचून माझी दांडी वर टेकवून ठेवली. अहो, दांडी कुठेही असो, मी आतून सुटतो! मालक कितीतरी वेळ बोर्डासमोर मान वर करून उभे.

"दांडी तर वर आहे. मग लाईट का नाही?"

अशा माणसांच्या जिवाची राखण माझ्याकडे आहे.

दोन दिवस पाव गेले नाहीत. कॅन्टीनवाल्याने निरोप पाठवला, उद्याही आले नाहीत तर तो दुसरीकडून घेईल. बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा मालकांनी धाकट्या भावाला बोलावलं. हे गृहस्थ नोकरी करतात लायब्ररीत, पुस्तकांवर शिक्के मारायची, पण घरात सगळे त्यांना इंजिनीअर म्हणतात. कारण एकदा त्यांनी टेबलफॅन उघडला होता. तो अजून गोणपाटात सुटा पडलाय.

त्यांनी ओव्हनचा प्लग उघडला आणि आतली हिरवी वायर कापून टाकली.

"ही उगाच असते, वहिनी. शोभेला."

ओव्हन लावला. मी पडलो नाही. घरात कौतुकाला ऊत आला. "भावजी, तुमच्यामुळे माझं काम वाचलं!" म्हणाल्या बाई. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसे भावजी दिवसभर बोलत राहिले.

गळती थांबली नव्हती. हिरव्या वायरीतून ती जमिनीत जायची, म्हणून मला कळायची. आता ती वाट बंद झाली होती. वीज ओव्हनच्या पत्र्यावर येऊन बसली होती, कुणीतरी हात लावायची वाट बघत. मला ते दिसत नाही, कळत नाही. मी मुकाट वर राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फरशी पुसली. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून एका हातात पेला घेतला आणि दुसऱ्या ओल्या हाताने ओव्हनची लोखंडी मूठ धरली.

मी पडलो. पापणी लवायच्या आत.

पेला गडगडत गेला. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या, हात थरथरत होता. बाहेरच्या खोलीतून भावजींचा आवाज आला.

"पडला का मेला पुन्हा? वहिनी, तो स्विचच बाद आहे, काढून टाकतो मी!"

"हात लावाल तर याद राखा," बाई म्हणाल्या. या घरात माझ्या बाजूने कुणी बोललं, ते पहिल्यांदाच.

त्यांनी स्वतः फोन करून वायरमनबाईंना बोलावलं. वायरमनबाईंनी ओव्हन उघडला, कॉइल तपासली.

"आत पाणी ओतता का?"

"पावाला वाफ नको का?"

"मग ओव्हन थंड असतानाच खोलगट भांड्यात पाणी ठेवा. आणि ही हिरवी वायर कुणी कापली?"

भावजींना एकाएकी लायब्ररीची आठवण झाली.

"ती असती तर हा आधीच पडला असता. तरी नशीब, हा जागा होता," वायरमनबाई म्हणाल्या आणि बाईंना माझं बटण दाखवलं. नवी कॉइल बसली, हिरवी वायर जोडली गेली. एक दिवस उशिरा का होईना, पाव गेले. कॅन्टीनवाल्याने कुरकुर करत घेतले.

आता महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई स्टूल घेऊन येतात आणि बटण दाबतात. मी पडतो, घर अंधारतं. आतून मालक ओरडतात, "पडला वाटतं मेला!"

"पडू दे," बाई म्हणतात, आणि मला स्वतःच्या हाताने वर उचलतात. त्या हाताला पिठाचा वास असतो. तो हात थरथरत नाही, एवढं मी दर महिन्याला बघून घेतो.