रेघेच्या आत

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी काचपट्ट्यांचा डबा वहिनीपुढे टेबलावर ठेवला.

"बस," मॅडम म्हणाल्या. "हे काम तुझ्या हातचं ना?"

काम तिच्याच हातचं होतं. स्तनातून काढलेल्या गाठींचे मेणात बसवलेले तुकडे या प्रयोगशाळेत येत. त्यांचे पातळ काप काचपट्ट्यांवर चढवले की डॉक्टर एका पट्टीवर शाईने रेघ आखून गाठ कुठे आहे ते दाखवत, आणि बाकीच्या पट्ट्यांवरचं त्या रेघेच्या आतलं तेवढंच पात्याने खरवडून नळीत टाकायचं, हे वहिनीचं काम. त्या पेशींमधली कोणती जनुकं किती जोमाने कामाला लागली आहेत ते पुढे यंत्र मोजे, आणि शेवटी एक आकडा निघे. पंचविसाच्या आत आला तर नुसत्या गोळ्यांवर भागायचं. वर गेला तर सलाइनमधून कडक औषध. पातं रेघेबाहेर निरोगी भागात गेलं तर आकडा खोटाच खाली येई. वहिनीचं पातं कधी जात नसे, असा तिचा लौकिक होता.

ही गाठ तिच्या नणंदेची होती.

डब्यावर नाव नव्हतं, पण शस्त्रक्रियेची तारीख आणि सर्जनची वेडीवाकडी सही तिने ओळखली होती. घरच्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, हा इथला नियम. पण शेजारच्या टेबलावरचा चष्मिष पातं चालवताना गाणी गुणगुणायचा. त्याच्या हवाली करायला तिचा जीव धजेना. ती गप्प बसली आणि तिने स्वतःच खरवडलं. आकडा आला चौदा.

नणंद लोकांना गाडी चालवायला शिकवायची. "चौदा!" ती फोनवर ओरडली होती. "एवढ्या मार्कांना मी माणूस नापास करते. आणि इथे मीच नाचतेय बघ!" मग एकदम हुंदका आला होता. आईला ते कडक औषध चालू असताना उशापाशी भांडं धरून तीच बसायची, आणि एवढं सोसूनही आई राहिली नव्हती. रोगाला ती जेवढी भीत नव्हती, तेवढी त्या औषधाला भीत होती.

मॅडम अधूनमधून काही नमुने पुन्हा मोजायला काढत. हात दुसरा, आणि तुकडाही त्याच गाठीचा पण दुसरा. या वेळी नेमका हाच निघाला होता. चष्मिषच्या हातून आकडा आला एकोणतीस.

"थोडाफार फरक पडतोच," मॅडम म्हणाल्या. "पण एवढा? तुझ्या हाताला?"

खरवडताना वहिनीच्या मनात एकच धावा चालला होता, खाली येऊ दे, खाली येऊ दे. हाताने तो ऐकला असेल तर? मायेपोटी पातं जरासं बाहेर सरकलं असेल तर? नणंदेच्या जिवाशी ती खेळून बसली होती.

"मॅडम, ही माझी नणंद आहे," ती म्हणाली.

मॅडमचा हात डब्यावरच थांबला. मग त्यांनी वहिनीची खरवडलेली पट्टी काढली, रेघ आखलेल्या पट्टीवर ठेवली आणि भिंगाखाली सरकवली. वहिनी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली.

"ये. बघ."

तिने डोळा लावला. खरवडलेली जागा रेघेला आतून बरोबर चिकटून फिरली होती. बाहेर एक कणही हललेला नव्हता.

"आता याची." मॅडमनी चष्मिषची पट्टी लावली. तीही तितकीच स्वच्छ होती.

"म्हणजे चूक..."

"कुणाचीच नाही. एका टोकाला गाठ शांत आहे, दुसऱ्या टोकाला नाही. दोन्ही आकडे खरे." मॅडमनी दिवा बंद केला. "दोन्ही आकडे डॉक्टरांना कळवते. तुझ्याशी नियमाबद्दल उद्या बोलेन."

हात चुकला नव्हता, तरी वहिनीचा जीव भांड्यात पडेना. चूक असती तर ती दुरुस्त करता आली असती. त्या गाठीत आणखी काय काय दडलं असेल, हे आता कुणी कुठल्या तुकड्यावरून सांगायचं?

संध्याकाळी तिने दाराची घंटा वाजवली, तेव्हा नणंद वाटच बघत होती.

"आलीस? डॉक्टरांचा फोन आला होता. दोन आकडे आलेत म्हणे. ते म्हणतात औषध घ्या, पण शेवटी तुम्ही ठरवा." तिने खुर्ची पुढे ओढली. हसू तोंडावर होतं, डोळ्यांत नव्हतं. "मी ठरवलंय. दोन्ही खरे असतील तर मी आपली चौदावाली. मला नाही गं आईसारखं व्हायचं."

वहिनी बसली नाही.

"खरे आहेत ना दोन्ही? तुझ्याइतकं कोण सांगणार?"

वहिनीच्या डोळ्यांपुढे ती खरवडलेली जागा उभी राहिली, रेघेला आतून बरोबर चिकटून फिरलेली.

"चौदा माझ्या हातचा होता," ती म्हणाली. "हात चुकला माझा. तुझी गाठ म्हणून घाबरले, आणि रेघेबाहेर गेले."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. चिडेल, रडेल, घराबाहेर काढेल, काहीही करेल असं वाटलं. तिने फक्त वहिनीचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला. तो थरथरत होता, थांबवता थांबत नव्हता.

"दिसतंय की," नणंद हळूच म्हणाली. "वेडी कुठली."

तिने तो हात सोडला नाही. जरा वेळाने तिने विचारलं, "मग कधीपासून सुरू करायचं?"