रिलेला लावलेला शेंदूर

खंडेनवमीला सावळीरामने सगळ्या मशीनना हळदकुंकू वाहिलं आणि शेवटी कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात तो चौदा वर्षं इलेक्ट्रिशियन होता. बाकीचे लोक पॅनेलच्या दाराला बाहेरूनच टिळा लावून मोकळे होत. सावळीरामला ते पटायचं नाही. देव्हाऱ्याचं दार पुजायचं आणि आतला देव उपाशी ठेवायचा? वीज बंद करून त्याने मोठ्या प्रेसच्या रिलेचं झाकण काढलं आणि तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट आतल्या लोखंडी पट्टीला लावलं.

"आप्पा, एवढ्याशा डबीचे किती लाड?" मागून मोतीराम हसला. तो त्याच प्रेसवर काम करायचा. गावच्या मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की पखवाजही त्याचाच, आणि शेजारी टाळ सावळीरामचे. नऊ वर्षं ही जोडी फुटली नव्हती.

"डबी नाय रं मोत्या. तू दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतोस, तेव्हा चोवीस व्होल्टचा गरीब करंट हिच्या कॉइलमधनं जातो. कॉइल ही पट्टी ओढून घेती. पट्टी टेकली की पलीकडचा दांडगा करंट क्लचला जातो अन् प्रेस खाली येतो. त्या दोन करंटांची गाठ कधी पडत नाय, म्हणून तुला झटका बसत नाय. बटणं सोडली की स्प्रिंग पट्टीला मागं खेचती, प्रेस वर जाऊन थांबतो."

"म्हंजे आपले बुवाच की! त्यांनी हात वर केला की माझा पखवाज गप."

"आत्ता कसं बोललास!" सावळीरामने रिलेला हात जोडले आणि झाकण लावलं.

दसऱ्याची सुट्टी संपून प्रेस सुरू झाला. पहिला तास नीट गेला. सव्वानऊला मोतीरामने ठोका मारला, बटणं सोडली आणि तयार भाग काढायला उजवा हात आत घातला. प्रेस वर गेला, पण थांबला नाही. तसाच पुन्हा खाली आला.

चार बोटं गेली. उरला तो अंगठा.

लोकांनी मोतीरामला जीपमध्ये घातलं. सावळीरामने मेन स्विच पाडला आणि पॅनेल उघडलं. कॉइलमध्ये आता करंटच नव्हता, तरी पट्टी तिला चिकटून बसली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला तशी ती हळूच सुटली. पात्याच्या टोकाला केशरी चिकटा आला. गरम कॉइलने तेल आटून शेंदराचा डिंक झाला होता, आणि स्प्रिंगच्या ओढीने तो तुटला नव्हता. मग त्याने नवा रिले बसवला आणि जुना फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर देवरेसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अपघाताच्या चौकशीसाठी सावळीरामच्या नावाने टाइप केलेला जबाब तयार होता: पॅनेलमध्ये दोष नव्हता, कामगाराने घाईत, एक हात मोकळा राहावा म्हणून, एक बटण चिंधीने बांधून ठेवलं होतं.

"साहेब, तिथं चिंधी नव्हती."

"दुसरी पोरं बांधतात ना? सही कर. नवा रिले का बसवलास, मी विचारलेलं नाही. तूही सांगत बसू नकोस."

"अन् मोतीरामचं काय?"

"त्याची चूक, त्याची नोकरी गेली. तुझी का घालवतोस?"

"उद्या करतो," म्हणून सावळीराम उठला तो थेट नाशिकला दवाखान्यात गेला.

मोतीरामची बायको पुतळाबाई उशाशी बसली होती. सावळीरामने पिशवीतला रिले काढून चादरीवर ठेवला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मोतीराम त्या केशरी पट्टीकडे बघत राहिला.

"तीन दिस स्वतःला शिव्या घालतोय, आप्पा. वाटलं, माझंच बोट बटणावर राहिलं आसंल."

"देवाची आण, मी शेंदूर भक्तिभावानं लावला रं. रोज त्याच्यापुढं नाक घासतोय..."

"देवाला कशाला सांगतोस?" मोतीरामने बँडेज बांधलेला हात छातीशी ओढला. "त्याला ठावं हाय. साहेबाला सांग."

पुतळाबाईने पाण्याचा तांब्या पुढं केला नाही.

दुसऱ्या दिवशी सावळीरामने जबाबावर सही केली नाही. रिले टेबलावर ठेवला आणि चौकशीला आलेल्या साहेबांपुढे सारं पुन्हा सांगितलं. मोतीरामवरचा ठपका निघाला. बरा झाल्यावर त्याला गेटवर काम द्यायचं ठरलं. सावळीरामला त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवलं.

कार्तिकी एकादशीला गावात कीर्तन होतं. पखवाजावर निफाडकडून आणलेला कुणी परका बसला होता. मोतीराम आला, पण पार मागे, खांबाला टेकून बसला. उजवा हात उपरण्याखाली. सावळीराम टाळ वाजवत होता आणि नजर सारखी त्या खांबाकडे जात होती. मोतीरामचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता.

बुवांनी हात वर केला. पखवाज थांबला, गाणारे थांबले. मागे मोतीरामच्या मांडीवरचा हातही जागच्या जागी थांबला.

सावळीरामचे टाळ तेवढे आणखी एकदा वाजले. सगळं देऊळ वळून त्याच्याकडे बघू लागलं. मोतीरामने मात्र मान वर केली नाही.