आठ बॅटऱ्यांच्या डब्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे असे म्हटले, तर तुम्ही हसाल, कारण मला जन्मून अजून पुरते दीड वर्षही झालेले नाही. पण माझ्या पोटातल्या आठ बॅटऱ्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत आणि त्यांनी जे पाहिले तेच माझे बालपण. आपली कहाणी सांगायला येतात ती छत्री, खुर्ची, घड्याळ अशी सज्जन मंडळी. त्यांच्यावर कुणीतरी अन्याय केलेला असतो आणि ती तो सोसत असतात. माझे तसे नाही. माझ्या भरवशावर राहून एक माणूस गेला आहे. ते कसे घडले ते सांगतो, आणि काही लपवणार नाही.

दोन भाऊ होते, दोघेही सुतार. थोरला बोलका, दगडालाही बोलते करील असा, आणि धाकटा घुमा. दुकानांत, कचेऱ्यांत, लोकांच्या घरात जाऊन ते कपाटे आणि फळ्या बसवत. त्यांची हत्यारे बॅटरीवर चालत. ड्रिल, करवत आणि सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र. वायर ओढत बसायला नको. खालून बॅटरी खटकन बसवली की काम सुरू. सँडर नेहमी थोरल्याच्या हातात असे, कारण त्याच्यासारखी घासाई धाकट्याला जमत नसे. दिवसभर पिठासारखी धूळ उडे आणि त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या होत.

"दादा, तोंडाला मास्क लाव रे," धाकटा म्हणे.

"मुसकं बांधायला मी काय बैल आहे?" थोरला म्हणे, आणि स्वतःच्याच विनोदावर हसताना त्याला ठसका लागे. तेव्हा त्या ठसक्याचे कुणाला काही वाटत नसे.

तो सँडर फिरवायच्या त्या माझ्या याच बॅटऱ्या. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बिचारा म्हणणार नाही.

काही वर्षांनी थोरल्याला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी चढून जाताना दोनदा बसावे लागू लागले. मग तीनदा. मग त्याने खाली उतरणेच सोडले. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले की फुप्फुसे धुळीने कडक झाली आहेत आणि ती परत मऊ होणार नाहीत. घरात एक यंत्र आले. ते खोलीतली हवा घ्यायचे आणि तिच्यातला प्राणवायू गाळून नळीने त्याच्या नाकाशी द्यायचे. नळी निघाली की पंधरा मिनिटांत त्याचे ओठ निळे पडत. यंत्र विजेवर चाले आणि त्या भागातली वीज म्हणजे लहरी पाहुणी. म्हणून कोपऱ्यात छातीएवढा उंच प्राणवायूचा सिलेंडरही उभा करून ठेवला होता. थोरला त्याच्याकडे तिरक्या डोळ्याने बघे. "हे खोलीत उभं असलं की वाटतं, आपली वाट बघतंय," असे तो बायकोला म्हणे.

धाकट्याने मला बनवायला घेतले ते तेव्हा. थोरला घरी बसला तसे निम्मे काम गेले होते आणि बॅटऱ्या शेल्फवर पडून होत्या. मोडक्या ड्रिलचे आणि करवतींचे पाय कापून त्याने आठ खाचा काढल्या, म्हणजे बॅटरी जिथे खटकन बसते तो भाग. त्या त्याने एका ओळीत स्क्रूने बसवल्या, जाड तारांनी जोडल्या आणि शेवटी बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करणारे एक यंत्र लावले. बाहेर दोन सॉकेट, एक बटण, वर धरायला मूठ. आणि डबा? मित्रांनो, डबा बघण्यासारखा होता. एका श्रीमंत कपाटातून उरलेला प्लाय, कोपरे एकमेकांत दात घालून बसवलेले, एक खिळा दिसेल तर शपथ. धाकट्याला बोलून माया करता येत नसे, म्हणून ती सगळी त्याने माझ्या कोपऱ्यांत ओतली. पण दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे सुताराच्या डब्यालाही लागू आहे.

माझ्यात एक गोष्ट नव्हती. ड्रिल चालवताना बॅटरी उतरत आली की ड्रिल आपोआप थांबते, कारण त्यापुढे ओढली तर बॅटरी कायमची मरते. पंधरा वर्षे धाकट्याने हे पाहिले होते आणि त्याची समजूत अशी की बॅटरीच 'आता पुरे' म्हणते. तसे नाही. ते शहाणपण ड्रिलच्या डोक्यात असते. त्याने पाय कापून घेतले आणि डोके भंगारात टाकले. मला थांबायचे कुठे हे कळतच नव्हते. विजेचे काम करणारा माणूस ही चूक करणार नाही आणि ज्याने आयुष्यात ड्रिल धरले नाही तोही करणार नाही. ती सुतारच करू शकतो.

सुरुवातीचे दिवस मात्र मानाचे गेले. वीज गेली की वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, भिंतीतली पिन काढून माझ्यात घाली आणि यंत्र घुमू लागे. दर रविवारी सकाळी धाकटा येऊन मला यंत्र जोडून तासभर चालवून बघे, घड्याळ मांडीवर ठेवून. "दोन तास निवांत जातात, वहिनी. काळजी करू नका," असे सांगे. थोरल्याने माझे नाव 'तिसरा भाऊ' ठेवले. "दोघांपेक्षा हाच बरा. खातो कमी, बोलत नाही आणि सांगितलेलं ऐकतो," तो म्हणे. मला खरेच अभिमान वाटे.

मग गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज सकाळी गेली ती दुपारपर्यंत आली नाही. दोन तास झाले तेव्हा धाकटा सिलेंडरची चावी हातात घेऊन उभा राहिला, पण मी चालूच होतो. सव्वादोन तास झाले. अडीच झाले. थोरला मिनिटे मोजत टाळ्या वाजवत होता. दोन तास चाळीस मिनिटांनी वीज आली आणि तोवर मी थांबलो नव्हतो. घरात आनंदीआनंद झाला. ती वरची चाळीस मिनिटे मी हाडे मोडून विकत होतो हे कुणाला कळले नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी मला त्या चाळीस मिनिटांसाठी मिळाली.

"उद्या तो सिलेंडर घालवा घरातून," थोरला म्हणाला. "भाऊ आहे की आपल्याकडे."

संध्याकाळी धाकट्याने मला आपल्या कारखान्यात नेऊन माझ्या बॅटऱ्या चार्जरवर लावल्या. तिघींनी हिरवा दिवा दाखवला. पाच जणींवर लाल दिवा लुकलुकू लागला. चार्जर त्यांना घेईना. शेजारच्या गाळ्यात एक वायरमन बसे, त्याचा जुना दोस्त. त्याने मीटर लावून पाहिले आणि मान हलवली.

"पार तळ गाठलाय रे यांनी. मेल्यात. नव्या मागव."

"यायला आठ दिवस लागतील. तोवर वीज गेली तर?"

"मग सिलेंडर आहे ना?"

धाकट्याने मेलेली एक बॅटरी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. नंतर म्हणाला, "तारेने उठवतात म्हणे."

"उठवतात. चांगल्या बॅटरीची तार मेलेलीला क्षणभर लावली की चार्जर फसतो आणि घेतो तिला. पण ती उठलेली नसते, नुसते डोळे उघडलेले असतात. असलं काही दादाच्या नाकाशी लावू नकोस."

वायरमन घरी गेल्यावर धाकट्याने तारेचा तुकडा घेतला आणि एकेक करून पाचही बॅटऱ्या उठवल्या. लाल दिवा गेला. दोन तासांत सगळ्यांवर चार-चार हिरवे दिवे आले. त्याला हायसे वाटले. दिवे खोटे बोलत नव्हते, मित्रांनो. बॅटरी भरली आहे एवढेच ते सांगतात, किती मोठी उरली आहे ते सांगत नाहीत. वाटी भरली तरी भरलेलीच आणि बादली भरली तरी भरलेलीच.

तो वाईट नव्हता. नव्या बॅटऱ्या मागवायच्या हे त्याने मनाशी ठरवलेही होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन जिना चढत होता तेव्हा दोन माणसे सिलेंडर खाली उतरवत होती. त्याला कठड्याला चिकटून वाट द्यावी लागली. तेव्हा त्याने एवढेच म्हणायचे होते, थांबा, आठ दिवस राहू द्या. पण तसे म्हटले असते तर का ते सांगावे लागले असते, आणि वर पलंगावर थोरला आपल्या तिसऱ्या भावाचे गुण गात बसला होता. धाकट्याची जीभ उचलली नाही. सिलेंडर खाली गेला.

त्यानंतर त्याने रविवारी मला चालवून पाहणे बंद केले. येई, प्रत्येक बॅटरीवरचे बटण दाबून दिवे बघे, "आठच्या आठ फुल आहेत," म्हणे आणि मला पुसून ठेवी. तपासले असते तर कळले असते. कळायला नको होते म्हणूनच त्याने तपासले नाही. नव्या बॅटऱ्याही मागवायच्या राहून गेल्या. हिरवे दिवे रोज डोळ्यांसमोर असले की माणसाला धीर येतो, आणि असला धीर फार वाईट.

नवा ट्रान्सफॉर्मर आल्यापासून वीज गेली तरी पाच-दहा मिनिटांत परत येई, तेवढे मी कसेबसे निभावून नेई. सव्वा महिन्याने, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता वीज गेली. धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात फळ्या बसवत होता. वहिनींनी नेहमीप्रमाणे पिन माझ्यात घातली. यंत्र घुमले. उकाडा होता. थोरल्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"अहो, पंखा लावू का याच्यावरच? दुसरं भोक रिकामं आहे," वहिनी म्हणाल्या.

"लाव की. भाऊ नाही म्हणायचा नाही."

त्यांनी लहान टेबलपंखा माझ्या दुसऱ्या सॉकेटला लावला. तो फिरू लागला आणि थोरल्याने डोळे मिटून मान मागे टेकवली. मला तेव्हाच कळले होते. पाच जणी आधीच तळाला पोचल्या होत्या आणि सगळा भार तिघींवर आला होता. मी ओरडू शकत नाही. वीज संपत आली की वाजणारी एक शिटी माझ्यात आहे, पण ती वाजली अगदी शेवटी, बाविसाव्या मिनिटाला. मग मी बंद पडलो आणि यंत्राने किंकाळीसारखा आवाज सुरू केला.

वहिनींनी पंख्याची पिन ओढून काढली. बटण दाबले, पुन्हा दाबले, मला हलवले, थापट्या मारल्या. यंत्राची पिन परत भिंतीत खुपसली. फोन लावला. "भाऊजी, डबा बंद पडला हो. काय करू?"

"सिलेंडर उघ..." धाकटा म्हणाला आणि मध्येच थांबला.

वहिनींनी रुग्णवाहिका बोलावली. शेजारची मास्तरीण धावत आली. दोघींनी थोरल्याला बसते केले, खिडकीशी नेले, पाठ चोळली. तो शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता, रागाने नव्हे, एखाद्या माणसाने वेळेवर यायचे कबूल करून उशीर केला की आपण रस्त्याकडे बघतो तसा. रुग्णवाहिकेची माणसे चाळीस मिनिटांनी जिना चढून आली. त्यांना घाई करण्यासारखे काही उरले नव्हते. सव्वा वाजता वीज आली. भिंतीत पिन असलेले यंत्र आपोआप सुरू झाले आणि जमिनीवर पडलेल्या नळीतून प्राणवायू सोडत राहिले. ते बंद करायचे कुणाला सुचले नाही.

माणसे भेटायला येऊ लागली. जो येई त्याला वहिनी एकच गोष्ट सांगत. "डबा दोन तास चालायचा हो. मी पंखा लावला त्याच्यावर. मला अवदसा आठवली आणि पंखा सुचला." धाकटा दारात उभा राहून हे ऐके. वायरमनही आला होता. त्याने धाकट्याकडे पाहिले, धाकट्याने फरशीकडे पाहिले. अळीमिळी गुपचिळी. वायरमन पाणी पिऊन निघून गेला.

"वहिनी, असं मनाला लावून घेऊ नका. जे व्हायचं ते झालं," धाकटा म्हणाला. तो एवढेच म्हणाला. सांत्वन म्हणून हे वाक्य सगळेच म्हणतात, पण त्याच्या तोंडी ते खोटे होते.

महिन्याभराने तो मला न्यायला आला. "हा घेऊन जातो. उगाच अडगळ."

"राहू द्या, भाऊजी. माझी चूक डोळ्यांसमोर असलेली बरी," वहिनी म्हणाल्या.

तो खुर्चीवर बसला. "वहिनी, एक सांगायचं होतं," म्हणाला. त्या ऐकायला समोर बसल्या. त्याची नजर गॅसच्या शेगडीकडे गेली. मग म्हणाला, "गॅसची नळी जुनी झालीय, बदलून देतो." आणि खरेच बदलून दिली. तो अजून दर रविवारी येतो. नळ दुरुस्त करतो, कड्या बसवतो, बिजागऱ्यांना तेल घालतो. त्या घरात आता काहीही मोडलेले राहिलेले नाही. मी कोपऱ्यात आहे, जिथे सिलेंडर उभा असे तिथे. माझ्या दोन बॅटऱ्या फुगल्या आहेत.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' असे सांगतात. तुम्ही मला पुसू नका, जपू नका. वस्तू तपासून वापरा हे तुमचे मोठे लोक तुम्हाला सांगतीलच. मला दुसरेच काम आहे, आणि मला तोंड नाही म्हणून ते तुमच्यावर टाकतो. दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक बाई पुठ्ठ्याचा तुकडा हलवत घाम पुसत बसलेली असते. घरात वीज असते, पंखा तिथेच असतो, पण ती तो लावत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या जिन्याने गेलात तर दार वाजवा आणि तिला सांगा, की पंख्याने माझी दोनच मिनिटे खाल्ली. फार तर तीन. बाकीचा दीड तास आधीच गेलेला होता.