पिवळी रेघ

"सैल बोल्टावर गाडी खाली घ्यायची न्हाई," मान वर करून मालोजी म्हणाले आणि डाव्या शॉकच्या खालच्या बोल्टावर पान्याचा शेवटचा झटका दिला. मग खिशातून पिवळ्या रंगाचं पेन काढून नटापासून ब्रॅकेटपर्यंत एक आडवी रेघ ओढली. घट्ट झाल्याची खूण. "आमच्या वस्तादाचा नियम. दापोडीच्या वर्कशॉपात एकाचा पाय गेला हुता अशानं. तवापास्नं मी अर्धं काम ठिवून गाडी जमिनीला लावली न्हाई."

डोक्यावर लाल रंगाची, दोन माणसांपुरती, साठ वर्षं जुनी विलायती स्पोर्ट्स कार लिफ्टवर टांगलेली होती. मागची चाकं पाय सोडून बसलेल्या माणसासारखी खाली लोंबत होती. तिचे मूळचे, दांडीवर चालणारे शॉक अॅब्सॉर्बर काढून आज नव्या पद्धतीचे, गॅसच्या नळीचे बसत होते.

विजयश्री हातात कागद घेऊन उभी होती. नव्या शॉकबरोबर आलेला, इंग्रजीतला. सकाळी मालोजींनीच तो तिच्या हातात दिला होता. "तू वाच, पोरी. काय ऱ्हायलं तर सांग. आपलं इंग्रजी पान्याच्या नंबरापुरतं."

सातव्या ओळीत लिहिलं होतं : शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी असतानाच द्यावा.

तिला ती ओळ वाचायचीही गरज नव्हती. चाकणच्या कंपनीत चार वर्षं तिनं शॉक तपासण्याच्या मशीनवर काढली होती. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, की गाडी खाली आल्यावर बोल्टाभोवतीचं रबरी कडं, बुश, पिळलं जातं. आधी कुरकुरतं, मग फाटतं. जुन्या दांडीच्या शॉकला हे खपून जायचं. याला खपणार नव्हतं.

"काका..." ती म्हणाली.

"काय गं?"

सकाळी गॅरेजचा मालक रणजीत चहाच्या घोटाबरोबर सहज बोलून गेला होता. "मॅडम, ट्रायलचा महिना संपला तुमचा. जागा एकच आहे. मालोजी म्हातारा माझ्या बाबांच्या काळापासून आहे, कारणाशिवाय कसं काढू? आणि कारण नसेल, तर तुम्हाला कसं ठेवू?"

बाळंतपणानंतर चाकणच्या कंपनीनं तिला परत घेतलं नव्हतं. त्यानंतरच्या सहा मुलाखतींत प्रश्न एकच, "मुलगी केवढी? सांभाळतं कोण?" बायोडेटातली दोन वर्षांची रिकामी जागा बघून समोरचा माणूस पेनाचं टोपण लावायचा. काळेवाडीतलं हे गॅरेज सातवं दार होतं. आठवं तिला दिसत नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा सांगू तुम्हाला?"

"सांग की. साखर कमी."

मालोजींनी उजवीकडचे बोल्ट आवळले. रेघा ओढल्या. चार बोल्ट, चार रेघा. विजयश्रीनं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि जीन्सच्या मागच्या खिशात सरकवली.

तेवढ्यात पाळणाघरातून कस्तुराबाईंचा फोन आला. "अगं, नेहाचं अंग तापलंय. येतेस का?"

"कपाळावर पट्टी ठेवा ना मावशी. आज नाही जमणार."

"आईच्या मांडीसाठी रडतीय गं."

"आज नाही हो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तीनला लाल गाडीचा मालक जयदीप आला. त्याच्या आजोबांच्या शेतावर आता बारा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या होत्या आणि नातवाच्या दारात जुन्या गाड्या. रणजीत त्याला शेजारी बसवून गाडी घेऊन गेला. मालोजी हात पुसत दारात थांबले. गाडी परत आली ती दोन घरं आधीपासून ऐकू आली. कुईं... कुईं...

"राव, खाट आणलीय का गाडी?" जयदीप हसत उतरला. "प्रत्येक स्पीडब्रेकरला करकरतीय. आमच्या मोशीतली बैलगाडी बरी व्हती."

रणजीतच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विजयश्रीला ते दिसलं. तो खूश होता.

"मालोजी, या इकडं. दाबा मागून."

मालोजींनी दोन्ही हात डिकीवर टेकवून गाडी दाबली. कुईं.

"जोरात. गिऱ्हाइकाला ऐकू येऊ द्या तुमची कला. थांबलात का? दाबत राहा."

बासष्ट वर्षांचा माणूस वाकून गाडी दाबू लागला. कुईं. कुईं. जयदीपनं मोबाईल काढला. "आजोबा, तालात येऊ द्या की! ह्ये टाकतो मी ग्रुपवर." दोन मेकॅनिक तोंड फिरवून हसले. रणजीत मोठ्यानं मोजत होता. याच रणजीतला सायकल शिकवताना मालोजी मागून धरून पळाले होते. हे त्यांनीच विजयश्रीला सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात, स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून देताना.

अठराव्या आकड्याला मालोजींची टोपी पडली. ती उचलायला ते थांबले, तर रणजीत म्हणाला, "बास. मॅडम, तुम्ही सांगा काय चुकलंय."

तिनं सांगितलं. आवाज स्वच्छ निघाला, मुलाखतीत निघायला हवा होता तसा. गाडीखाली उभं राहून काम करायच्या जुन्या खड्ड्यावर गाडी घ्यायला लावून ती खाली उतरली. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी होती. पहिला बोल्ट सैल केला तसं आत काहीतरी टक् करून सुटलं आणि गाडी बोटभर खाली बसली, कोणीतरी दाबून धरलेला श्वास सोडावा तशी. चारही सैल केले, चारही आवळले. पुरती पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

जयदीप चक्कर मारून आला. आवाज नव्हता. "वा मॅडम! शिकलेलं माणूस ते शिकलेलंच. ते जुने शॉक टाका भंगारात."

रणजीत मालोजींकडे न बघताच बोलला. "उद्यापास्नं घरी आराम करा. वय झालं."

मालोजी बाकाकडे वळले. जुने शॉक तिथं होते. ते त्यांनी आधी फडक्यानं पुसले आणि दांड्या एका बाजूला येतील असे नीट शेजारी शेजारी ठेवले. मग पिशवी भरली. विजयश्री खड्ड्यातून वर येत होती. ते काठावर टेकले आणि हळूच म्हणाले, "पोरी, एक इचारू? कागदावर हुतं का गं ते?"

मागच्या खिशात घडी टोचत होती.

"नव्हतं काका. मला चाकणला असताना कळलेलं. नंतर आठवलं."

मालोजींचा चेहरा सैलावला. त्यांनी मान हलवली. "मग ठीक हाय. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. तिकडं लेकरू तापलंय तुझं, त्यात एवढं आठवलंस, लई झालं." त्यांनी खिशातलं पिवळं पेन काढून तिच्या हातात ठेवलं. "रेघ मार तेवढी. त्याबिगर वर येऊ नगंस."

ते गेले. ती पुन्हा खाली उतरली. नटावरची अर्धी रेघ एकीकडे गेली होती, ब्रॅकेटवरची अर्धी दुसरीकडे. चारही ठिकाणी. तिनं शेजारी नव्या रेघा ओढायला घेतल्या. पेन गळकं होतं.

सहाला ती पाळणाघरात पोहोचली. नेहाचा ताप उतरत आला होता. डोळे रडून सुजले होते. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आईचा हात धरला.

"हाताला काय लागलंय गं पिवळं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"काही नाही," विजयश्री म्हणाली आणि बोटं मुठीत घेतली.

नेहाला गंमत वाटली. कोमट, इवल्या हातांनी ती एकेक बोट उचकटून आईची मूठ उघडू लागली.