दुसऱ्याचा दर

"मग त्याचं काम सोडून दे," दादा म्हणाला. "त्यात काय एवढं? मी तुझा सख्खा भाऊ. तो कोण लागतो तुझा?"

तिनं चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. दादा कपाला शिवला नाही. वर्कशॉपमधून तसाच उठून आला होता, मनगटावर खाटांच्या रंगाचे शिंतोडे होते.

"दादा, मी तुला आधी फोन केला होता. सरकारी दवाखान्याला खाटा हव्यात, निविदा भरायची का, म्हणून विचारलं होतं. तू काय म्हणालास? सरकारी कामाच्या नावानं कानाला खडा लावलाय म्हणालास."

"तेव्हा हातात काम होतं. त्या खाजगी हॉस्पिटलवाल्यानं ऐन वेळी दुसरीकडून खाटा घेतल्या. आता पोरं मशीन पुसत बसलीत. मशीन तरी किती पुसणार?"

तिला हसू येता येता राहिलं. दादा चेष्टा करत नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

बाजारात तिला सगळे टेंडरताई म्हणत. झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस होतं. माल उत्तम करणारी, पण निविदेच्या अटी-शर्ती बघून हातपाय गाळणारी माणसं तिच्याकडे येत. झाडू करणारे, फिनाईल करणारे, गणवेश शिवणारे. कुठलं प्रमाणपत्र जोडायचं, कुठल्या पानावर शिक्का हवा, कुठली अट नुसती भीती घालायला आहे आणि कुठली खरोखर नडणारी आहे, हे ती त्यांना समजावून सांगायची. काम मिळालं की मालाची तपासणी, पोच, बिल, सगळ्यांच्या मागे लागायची. हा उद्योग तिला सुचवला होता दादानंच. एका ठेकेदाराकडे टायपिंग करून ती कंटाळली होती, तेव्हा म्हणाला होता, "दुसऱ्याचे कागद भरतेस ना? मग माझे भर." तिनं भरलेली पहिली निविदा त्याचीच होती. ऑफिसातलं टेबलसुद्धा त्यानं खाटेचे पाइप वाकवून करून दिलं होतं. नवं माणूस आलं की आधी टेबलाकडे बघे आणि मग कोण आजारी आहे का, असं इकडेतिकडे बघे.

आणि आता ती या निविदेत एका वेल्डरचं काम बघत होती. वेल्डर म्हणजे दादाच्याच वर्कशॉपमध्ये वाढलेला माणूस. वर्षापूर्वी तिथून बाहेर पडला, बायकोला सोबत घेऊन पत्र्याची शेड टाकली आणि स्वतः खाटा करायला लागला. दादानं नाही म्हटल्यावर ती दोघं तिच्याकडे आली होती. तिनं त्यांचं काम घेतलं होतं. पट्टीच्या जाडीपासून चाकांच्या रबरापर्यंत सगळा हिशेब मांडून दरही ठरला होता.

"माझ्या हाताखाली शिकला," दादा म्हणाला, "आणि तू त्याला माझ्यासमोर उभा करतेस."

"मी त्याला शब्द दिलाय. दुसरा चांगला माणूस आहे निविदा भरणारा, मी त्याच्याशी बोलते. तो तुझं काम नीट करेल."

"बरं, मग एवढं तरी कर. त्याचा दर सांग. एकच आकडा. कोण विचारायला येणार आहे?"

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.

"आज त्याचा आकडा तुला सांगितला," ती म्हणाली, "तर उद्या तुझा आकडा मी कुणाला सांगितला नाही, हे तू कशावरून मानशील?"

दादा उठला. दारात थांबून म्हणाला, "आई नाही आज, तेच बरं." आणि खाड खाड जिना उतरून गेला.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, काय झालं हो? आल्यापासून तोंड फुगवून बसलेत. तिचं नाव या घरात काढायचं नाही म्हणतात."

"काही नाही वहिनी. कामावरून जरा वाजलं."

"तुमच्या दोघांचं कामावरून रोजच वाजतं. पण जेवण कधी टाकलं नव्हतं त्यांनी."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भाजी निवडत बसली. निवडून झालेलीच पुन्हा निवडत होती.

दर उघडायचा दिवस आला. वेल्डर आणि त्याची बायको सकाळपासूनच तिच्या ऑफिसात येऊन बसली होती. बायकोनं ठेवणीतले कपडे घातले होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कागदपत्रांच्या छाननीत टिकलेल्यांची नावं दिसत होती. त्यात दादाचं नाव होतं. म्हणजे त्यानं दुसरीकडून निविदा भरलीच होती. ते नाव बघून तिला बरं वाटलं आणि तिनं चोरून वेल्डरकडे बघितलं.

मग दर उघडले. सगळ्यात कमी दर दादाचा. त्याच्या खालोखाल वेल्डरचा. दोघांत फरक म्हणाल तर एका खाटेमागे चहा-बिस्किटांचा. बाकीचे कुठल्या कुठे वर.

वेल्डरची बायको पडद्याकडे बघत राहिली. वेल्डर मात्र ताईकडे बघत होता.

"दादा तर भरणार नव्हते ना, ताई?"

"नंतर ठरवलं त्यानं. मी त्याचं काम केलेलं नाही."

"इतका जवळचा आकडा..."

"मी सांगितलेला नाही."

"मी काही म्हणालो का?" तो म्हणाला. मग घसा खाकरून खाली बघत म्हणाला, "आमचे कागद तेवढे द्या. डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हही."

तिनं कपाटातून त्यांची फाईल काढून दिली. वाद घालण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. न सांगितलेली गोष्ट सांगितली नाही, हे सिद्ध कसं करायचं? बायको जाताना दारात घुटमळली, पण नवऱ्यानं हाक मारली तशी निघून गेली.

बाजारात कुजबुज सुरू झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, तेच वाईट होतं. कितीतरी वर्षं तिच्याकडे येणारा फिनाईलवाला पुढच्याच आठवड्यात आला. सगळे कागद चढवून झाले आणि दर टाकायची वेळ आली, तेव्हा कानामागे खाजवत म्हणाला, "ताई, आकडा मीच टाकतो. तुम्ही जरा पलीकडे बसा."

ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याला टाइप करता येत नव्हतं. एकेक आकडा शोधून दाबत होता. तिनं मागे वळून बघितलं नाही. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि त्या वाकड्या पायांच्या टेबलावर डोकं टेकून रडली.

पुढे एकदा दुपारी वेल्डरची बायको एकटीच जिना चढून आली. धाप लागली होती. पाणी प्यायली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

"ताई, तुमचे दादा काल शेडवर आले होते."

"कशाला?"

"तो फिनाईलवाला म्हणे त्यांचं अभिनंदन करायला गेला होता. म्हणाला, बहिणीनं बरोबर काम केलं तुमचं. दादांचं डोकंच फिरलं. तडक आमच्याकडे. सगळे कामगार होते समोर. मला वाटलं, आता मारामारी होते." तिनं पुन्हा पाण्याचा घोट घेतला. "म्हणाले, मी गेलो होतो तिच्याकडे तुझा दर मागायला. लाज सोडून मागितला. तिनं दिला नाही. म्हणून मी तिच्याशी बोलत नाही, कळलं? आणि मग ह्यांना म्हणाले, खाटेचा खर्च कसा काढायचा ते तुला कुणी शिकवलं? मीच ना? मग तुझा आकडा माझ्या आकड्याजवळ नाही येणार तर कुणाच्या?"

टेंडरताईच्या डोळ्यांसमोर दादा उभा राहिला. चारचौघांत चूक कबूल करायची म्हणजे दादाला जिवावर यायचं. लहानपणी कप फुटला तरी तो मांजराचं नाव सांगायचा.

"तुमच्या ह्यांना पटलं?" तिनं विचारलं.

"पटलंय. पटलं म्हणून तर कालपासून माझ्यावर चिडचिड चाललीय. पण इकडे यायला पाय उचलत नाही त्यांचा. आणि..." ती ओशाळली. "पुढचं काम आम्ही दुसरीकडे देऊन बसलोय."

"असू दे. तुम्ही आलात ना."

"मी आणते त्यांना. जरा वेळ द्या मला."

ती गेली. ताईनं दादाला फोन लावायला घेतला आणि तसाच ठेवून दिला. बोलायचं काय? आभार मानले असते तर त्यानं फोन आपटला असता. दादाकडूनही काही आलं नाही. बाजारात मात्र हवा हळूहळू बदलली. फिनाईलवाला पुन्हा आला आणि स्वतःहून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला. "टाका तुम्हीच आकडा," म्हणाला. "माझी बोटं फार जाडी आहेत." तिनं आकडा टाकला. पण टाकताना हात पूर्वीसारखा सहज चालला नाही.

गणवेश शिवणाऱ्या बाईंच्या चादरींची पोच घ्यायला ती एकदा सरकारी दवाखान्यात गेली, तेव्हा मागच्या फाटकाशी ट्रक उभा होता. दादाच्या खाटा उतरत होत्या. हमाल ट्रकवर चढले होते आणि वॉर्डाच्या दारात दादा एकटाच एका खाटेचं टोक धरून अडकला होता. आत काही पेशंट जमिनीवर गाद्या टाकून पडले होते. नर्स दारातून सारखी बाहेर डोकावत होती.

दादानं तिला बघितलं. ती जागच्या जागी थांबली.

"बघत काय राहिलीस?" तो म्हणाला. "धर ते टोक."

तिनं खांद्यावरची पर्स खिडकीत ठेवली आणि खाट धरली.

"सावकाश. कोपरा आहे."

"दिसतंय मला."

दोघांनी खाट तिरकी करून दारातून आत घेतली आणि भिंतीलगत टेकवली. दादानं हातानं ती हलवून बघितली. हलली नाही. नर्सनं लगेच गादी टाकली आणि जमिनीवरच्या एका म्हातारबाबांना उठवायला गेली. दोघं तेवढा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. दोघांनाही दम लागला होता.

मग ती दुसरी खाट आणायला बाहेर आली. या खाटा डोक्याकडे जड असतात, पाठ वर करायचा दांडा तिथेच असतो. ती जवळ पोचेपर्यंत दादानं भराभर पुढे होऊन ते जड टोक आपल्याकडे घेतलं होतं.